नाचता येईना, की अंगण खरंच वाकडं? (नेमबाजी आणि इतर छंद)

सातवं वर्तुळ

बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडतोय. लांबण लागेल, पण तपशिलाशिवाय सांगता येणार नाही.

मी १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. नोकरी सांभाळून, आठवड्यातून चार दिवस, गेली पाच वर्षं. पहिली तीन वर्षं क्लबच्या जुन्या पिस्तुलावर काढली. स्कोअर ६०० पैकी ५४०च्या आसपास आला आणि तिथून हलेना. एका स्पर्धेनंतर शेजारच्या लेनमधल्या एका अनुभवी नेमबाजाने माझं पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "यावर याच्या पुढे जाणं अवघड आहे." ते वाक्य डोक्यात घर करून बसलं. पैसे साठवले, मॅच पिस्तूल (स्पर्धेसाठीच बनवलेलं) घेतलं. पहिल्या आठवड्यात ५५१ आले. दोन महिन्यांनी परत ५४२, ५३९, ५४४.

मग आमच्या कोच मॅडमनी एक साधी गोष्ट केली. टार्गेट काढलं आणि तिथे कोरा पांढरा कागद लावला. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून घेतली. म्हणाल्या, "आता छर्रा नाही, काळा गोळा नाही. फक्त पुढच्या साइटकडे बघ आणि ट्रिगर दाब."

साइट म्हणजे नेम धरायची खूण. पिस्तुलाच्या मागच्या साइटला चौकोनी खाच असते आणि त्या खाचेत पुढच्या साइटचा खांब दिसतो. खांबाच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन बारीक फटी. त्या फटी सारख्या आणि माथा समपातळीत, एवढंच सांभाळायचं असतं. मी ट्रिगर दाबला. खटका पडला त्या क्षणी खांब डावीकडे खाली झुकला. केसभर. डावी फट बुजली, उजवी रुंदावली. दहा वेळा केलं, सात वेळा तेच झालं. पाच वर्षं हे होत असणार, आणि मला एकदाही दिसलं नव्हतं, कारण माझी नजर काळ्या गोळ्यावर असायची.

घरी येऊन हिशोब केला. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइट्समध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर आहे. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. पुढची साइट खाचेत १ मिलिमीटर सरकली तर छर्रा ३० मिलिमीटर भलतीकडे जातो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्रा ४.५चा. कड लागली तरी गुण मिळतो, म्हणून छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा, पुढच्या प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी. ३० मिलिमीटर म्हणजे सात! उलट, साइट्स जुळलेल्या असतील आणि अख्खा हात ५ मिलिमीटर इकडेतिकडे हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच हलतो आणि दहा मिळतो. मी पाच वर्षं हाताचं हलणं थांबवायला झटत होतो, ज्याने फारसं बिघडत नव्हतं. ज्याने बिघडत होतं त्याकडे लक्षच नव्हतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की छंदात साधन गौण, हात मुख्य. तुमच्या छंदात काय अनुभव?

कृष्णधवल

+१. फोटोग्राफीत हे रोज बघतो. फोटो हलका धूसर आला की लोक लेन्सला दोष देतात. मी एकच सांगतो: तोच फोटो, तीच लेन्स, तोच उजेड, फक्त तिपाईवर लावून टायमरने काढ. तिपाईवर केसन् केस स्पष्ट आला तर लेन्स निर्दोष आहे, हात हलतोय किंवा शटर हळू आहे. तिपाईवरही धूसर आला तर मग लेन्सबद्दल बोलू. दहापैकी आठ जण तिपाई लावल्यावर गप्प होतात.

डावखुरी

धागाकर्ते, तुमचा अनुभव मनापासून आवडला, पण शेवटच्या निष्कर्षाशी असहमत.

मी डाव्या हाताची. शिकायला गेले तिथे सगळी पिस्तुलं उजव्या हाताची होती. मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, तळव्याच्या आकाराने कोरलेली असते, ती दुसऱ्या हातात बसतच नाही. मला सांगण्यात आलं, "सुरुवातीला काय फरक पडतो, उजव्याने शिक." मी उजव्याने शिकले. दीड वर्ष. माझा डोळाही डावा प्रबळ आहे हे कुणी तपासलंच नाही. तपासायला अर्धं मिनिट लागतं: दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायची, तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते तो प्रबळ.

म्हणजे मी नको त्या हाताने, नको त्या डोळ्याने, न बसणाऱ्या ग्रिपवर दीड वर्ष घाम गाळला आणि रोज ऐकलं की "मेहनत कमी पडतेय". डाव्या हाताची ग्रिप मिळाली तेव्हा चार महिन्यांत मी दीड वर्षाच्या पुढे गेले. मला सांगा, यात हात मुख्य की साधन? मला आजही त्या दीड वर्षाचं वाईट वाटतं. स्कोअर गेला त्याचं एवढं नाही, पण मी स्वतःला नालायक समजले होते.

"साधन गौण" हे वाक्य नव्या माणसाला ऐकवताना फार जपून ऐकवावं एवढंच म्हणणं.

पायगाडी

धावण्यातलं उदाहरण नेहमी दिलं जातं ते अबेबे बिकिलाचं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये हा इथियोपियन धावपटू अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. "बघा, बुटांची गरज नाही!" असं सांगून लोक गोष्ट तिथेच सोडतात. त्याला तिथे पायाला नीट बसणारे बूट मिळाले नव्हते, आणि अनवाणी धावायची त्याला सवय होती. चार वर्षांनी, १९६४ला टोकियोत, तो बूट आणि मोजे घालून धावला आणि २ तास १२ मिनिटांत परत सुवर्णपदक जिंकला. चावणाऱ्या बुटांपेक्षा त्याला सवयीचे पाय बरे वाटले, एवढाच रोमचा धडा मी घेतो. डावखुरीताईंच्या ग्रिपचीही हीच गोष्ट आहे.

रेघारेघांची

मी तर ऑलिंपिकमधल्या त्या तुर्की नेमबाजाचा फोटो फ्रेम करून लावलाय. साधा चष्मा, टीशर्ट, एक हात खिशात, आणि रौप्यपदक. बाकीचे यंत्रमानवासारखे सजून आलेले. धागाकर्त्यांचं म्हणणं त्या एका फोटोत आहे.

रेंजवरचा

रेघाताई, फोटो मलाही प्रिय आहे, पण त्याचा अर्थ लोकांनी भलताच लावला. मी गेली बरीच वर्षं मुलांना पिस्तूल शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युसुफ डिकेच. २०२४, पॅरिस ऑलिंपिक, १० मीटर एअर पिस्तूल मिश्र दुहेरी, शेव्वल इलायदा तरहानबरोबर रौप्य. (याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्य मिळालं.) फोटोत एक ५१ वर्षांचा शांत माणूस दिसतो. २००८पासून सलग पाचवं ऑलिंपिक खेळत होता, ते फोटोत दिसत नाही. खिशातला हात हा बेफिकीरपणा नाही. मोकळा हात लोंबकळत राहिला की खांदा हलतो, खांदा हलला की पिस्तूल हलतं. म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात, आणि आम्ही हे पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि त्याच्या हातात जे होतं ते पूर्ण दर्जाचं मॅच पिस्तूल होतं. एका डोळ्यासमोर झडप, दुसऱ्यासमोर खास लेन्स हे त्याने वापरलं नाही, कारण तो दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो. त्याला ज्याचा उपयोग नाही ते त्याने काढून टाकलं. ज्याचा आहे ते पूर्ण ठेवलं.

आता उलट बाजू. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. ६० शॉट्स आणि सव्वा तास एवढंच तिथे मिळतं, त्यातली मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली. तरी ५७५ गुण केले, बारावी आली, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिथे कौशल्य कमी नव्हतं. त्याच खेळाडूने तीन वर्षांनी दोन पदकं आणली.

त्यामुळे "साधन की कौशल्य" असा प्रश्न मी मुलांना विचारूच देत नाही. मी विचारतो, चूक कुणाची मोठी आहे, तुझी की बंदुकीची? हे मोजता येतं. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर भक्कम टेकवा, हाताचा भार काढून घ्या, पाच छर्रे मारा. मग तेच पिस्तूल, तेच छर्रे, उभं राहून पाच मारा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. पिशवीवरचा ग्रुप (पाच भोकांचा पसारा) नखाएवढा आणि उभ्याने बशीएवढा आला, तर आणखी चांगलं पिस्तूल घेऊन बशी लहान होणार नाही. पण पिशवीवरच ग्रुप बशीएवढा येत असेल, तर त्या मुलाला "सराव कर" सांगणं हा अन्याय आहे. तो अचूक मारतो तेव्हा आठ लागतो आणि चुकतो तेव्हा दहा. मग तो शिकणार कशावरून?

आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. माझं म्हणणं, आधी दोरी लावून अंगण मोजा. वाकडं असेल तर असेल.

दुर्बीणवाला

"तो शिकणार कशावरून" हे फार पटलं. आमच्या आकाशदर्शनात नव्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खोक्यावर "५०० पट" लिहिलेली डुगडुगत्या तिपाईवरची दुर्बीण. आरसा बरा असतो कधीकधी, पण फोकसच्या बटणाला हात लावला की गुरू ग्रह दृष्टिक्षेत्राबाहेर उडतो आणि पाच सेकंद थरथरत राहतो. लेकरू दोन रात्री प्रयत्न करतं आणि तिसऱ्या रात्री टीव्हीसमोर बसतं. त्याची जिद्द कमी पडली असं मी तरी म्हणणार नाही.

तेच पोर १० x ५०ची साधी द्विनेत्री घेऊन कोपर भिंतीवर टेकवून उभं राहिलं, तर त्याला गुरूचे चंद्र दिसतात. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, ही भिंगं ५० मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ पन्नासपट उजेड. गॅलिलिओने १६१० साली ते चंद्र पाहिले त्या नळीपेक्षा ही द्विनेत्री डोळ्याला कितीतरी सोपी आहे. स्वस्त की महाग यापेक्षा स्थिर की डुगडुगती, हे आधी बघावं.

जुना_शिष्य

मी थोडा उलटा सूर लावतो. मी स्प्रिंगच्या एअर रायफलवर शिकलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात हवा आधीपासून भरलेली नसते. ट्रिगर दाबला की आतली जड स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. या सगळ्यात रायफल मागेपुढे झटका खाते, आणि छर्रा नळीत असतानाच खाते. घट्ट आवळून धरली तर एक जागा, सैल धरली तर दुसरी. हात दोन बोटं पुढे सरकवला तरी ग्रुप सरकतो.

म्हणून या रायफलने मला फॉलो थ्रू शिकवला. शॉट गेल्यावरही एक-दोन सेकंद तसंच राहायचं, डोकं उचलायचं नाही, बोट सोडायचं नाही. भरलेल्या हवेची रायफल पुढे हातात आली तेव्हा स्वर्ग वाटला. आजची मुलं थेट तिथून सुरुवात करतात, झटकाच माहीत नाही, आणि मान आधीच वर. अवघड साधन गुरू असतं असं मला वाटतं.

डावखुरी

दादा, तुम्ही टिकलात म्हणून ते गुरू वाटतं. जे सोडून गेले ते इथे लिहायला नाहीत.

जुना_शिष्य

हे खरं आहे. आमच्या तुकडीतले आम्ही दोघेच उरलो. बाकीच्यांचा मी कधी विचार केला नव्हता.

रेंजवरचा

स्प्रिंगबद्दल एवढंच: ज्याचा पाया झालाय त्याला मी महिन्यातून एकदा मुद्दाम स्प्रिंगची रायफल देतो. सुरुवात मात्र कधीच तिच्यावर करून घेत नाही. तिच्यात पकडीची चूक, डोक्याची चूक आणि ट्रिगरची चूक सगळ्या एकाच भोकात मिसळतात. वेगळ्या करायला शिकणाऱ्यालाच काय, मलाही वेळ लागतो.

पायगाडी

एक शंका. अगदी वरच्या पातळीवर तरी साधनच निर्णायक होतं ना? पोहण्यात २००९च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलीयुरेथेनचे पोशाख घालून ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१०पासून ते पोशाख बंद करावे लागले.

रेंजवरचा

हो, म्हणूनच नेमबाजीत साधनांना एवढे लगाम आहेत. एअर रायफल साडेपाच किलोच्या वर नको, एअर पिस्तूल दीड किलोच्या वर नको, पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, जाकिटाच्या कापडाचीही जाडी मोजतात. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून तपासणी होते. वरच्या पातळीवर सगळ्यांची साधनं जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे उरतो तो माणूसच. पण तिथे छर्‍याच्या लॉटचाही (एका वेळी बनलेल्या गटाचाही) फरक मोजतात, कारण रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तुमची-आमची पातळी तिथली नाही, तिथले नियम उसने घेऊ नयेत.

रेघारेघांची

रेंजवरचा सर, फोटोबद्दल सांगितलंत ते बरं झालं. फ्रेम काढणार नाही, पण आता वेगळ्या नजरेने बघते. मी सुलेखन करते. बोरू नीट तासलेला नसेल तर कितीही रियाझ करा, रेघेची कड फाटते. पहिले सहा महिने मला वाटायचं माझा हात कापतोय. गुरुजींनी माझा बोरू घेतला, टोक तिरकं छाटलं, मधली चीर नीट केली आणि त्याच बोरूने एक "अ" काढला. कड सुरीसारखी आली. माझ्या हातात परत दिला, तर माझाही बराच सुधारला, पण त्यांच्यासारखा नाही. दोन्ही गोष्टी त्या एका कागदावर दिसल्या. तो कागद मी जपून ठेवलाय.

सातवं वर्तुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डावखुरीताई, तुमच्या प्रतिसादानंतर "साधन गौण" हे वाक्य मी मागे घेतो.

रेंजवरचा सरांनी सांगितलं तसं अंगण मोजून आलो. क्लबमधून जुनं पिस्तूलही मागून घेतलं. दोन पिस्तुलं, दोन प्रकारचे छर्रे, पिशवीवर पाच-पाच शॉट. निकाल असा:

नवं पिस्तूल, चांगले छर्रे: पाचही जवळजवळ एका भोकात. नवं पिस्तूल, मी रोज वापरतो ते सरावाचे छर्रे: करंगळीच्या नखाएवढा ग्रुप, सगळे दहाच. जुनं पिस्तूल, चांगले छर्रे: तेवढाच ग्रुप, परत सगळे दहा. म्हणजे ज्या पिस्तुलावर "पुढे जाणं अवघड" होतं, त्यावर पूर्ण ६०० मारता आले असते.

चौथा कागद मात्र वेगळा निघाला. जुनं पिस्तूल आणि सरावाचे छर्रे: अंगठ्याएवढं पसरलेलं, पाचात दोन नऊ. पहिली तीन वर्षं मी नेमकी हीच जोडी वापरली. ६० शॉट्समध्ये किती गुण त्यात गेले असतील ते सांगता येत नाही, पण काही नक्कीच गेले. तेव्हा छर्‍यांचा डबा बदलला असता तर तेवढं अंगण सरळ झालं असतं, नवं पिस्तूल न घेता.

आणि मग उभं राहून पाच मारले. लिंबाएवढा पसारा. त्यातले चार डावीकडे खाली.

डावखुरी

चार डावीकडे खाली हे सांगितलंत म्हणून विचारते. ग्रिप तपासलीत का? डोळे मिटून पिस्तूल उचला, नेहमीसारखं स्थिर करा, मग डोळे उघडा. खांब खाचेत मधोमध दिसला तर ग्रिप बसतेय. दर वेळी एकाच बाजूला दिसला तर ती बाजू घासायला हवी किंवा लाकडाची पुटी भरायला हवी. माझ्या ग्रिपवर अंगठ्याखाली दोन मिलिमीटरचा भराव आहे, तेवढ्याने मनगट वळायचं थांबलं.

सातवं वर्तुळ

ताई, आत्ताच रिकाम्या पिस्तुलावर करून पाहिलं. वीस वेळा. चौदा वेळा मधोमध, सहा वेळा खांब किंचित डावीकडे, पण खाली एकदाही नाही. म्हणजे डावीकडचा थोडा भाग ग्रिपचा असू शकतो, खाली जाणं मात्र माझ्या बोटाचं. उद्या मॅडमना दाखवून मगच लाकडाला हात लावेन.

तोवर कोरा कागद चालू आहे. रोज झोपायच्या आधी पन्नास खटके, प्रत्येकाला खांब हलला की नाही हे वहीत लिहितो. पहिल्या दिवशी पन्नासात एकतीस वेळा हलला होता. काल बावीस.

रेंजवरचा

वही छान. एक भर घाला: खटका पडायच्या आधी मनातल्या मनात सांगून टाका, हलणार की नाही. नंतर काय झालं ते त्याच्या शेजारी लिहा. ते दोन रकाने जुळायला लागले की इथे कळवा.